टर्न

दर दोन तासांनी टर्न द्यायचा, सिस्टर म्हणाली,
आणि कागदावर चौकोन आखून दिले:
डावी, उताणं, उजवी.
मी मान हलवली. कुपवाडच्या शाळेत
सातवीला इंग्रजी शिकवते मी,
हा शब्द मला येतो
असं वीस वर्षं समजत होते.

मिरजेचा दवाखाना, दुसरा मजला.
उशाशी तपासायच्या वह्यांची पिशवी.
श्रेणिक खोतनं लिहिलंय,
टर्न म्हणजे वळणे. बरोबर.
टर्न म्हणजे पाळी. बरोबर.
वाक्यात उपयोग करा:
आमच्या पाण्याची टर्न रात्री दीडला असते,
पप्पा मला बॅटरी धरायला नेतात.
पूर्ण वाक्य इंग्रजीत लिही,
असा शेरा मारायला हवा होता.
मी नुसती खूण केली.

अल्फिया मुजावर लिहिते, दूध टर्न झाले.
हे कुठून काढलं पोरीनं?
आमच्याकडं दूध नासतं, फाटतं,
कुठं वळत नाही.
पण बरोबर आहे. तिलाही खूण.

आप्पा टर्नर होते.
एकतीस वर्षं, एमआयडीसीतली एकच शेड, एकच लेथ.
शेजारणी विचारायच्या, म्हणजे करतात काय?
आई सांगायची, लोखंडाला वळण लावतात.
आणि आत आल्यावर, भांडी आपटत,
पोरांना लावायचं तेवढं माझ्याकडं.

एका खंडेनवमीला मला घेऊन गेले.
चकला झेंडूचा हार, बेडवर हळदीकुंकू,
पेढ्याचा बॉक्स मायक्रोमीटरशेजारी.
मी हट्ट धरला म्हणून हार काढून
दोन मिनिटं मशीन चालू केली.
बघ, म्हणाले, टूल फिरत नाही. जॉब फिरतो.
आपण जागेवर उभं राहायचं
आणि थाऊ-थाऊनं पुढं सरायचं.
घाई केली की जॉब गेला.
निळा छिलका सुटला, गरम, लांबच लांब,
कुरळ्या बटेसारखा.
मी हात पुढं केला
तेव्हा ओरडले. तेवढं एकदाच.

आता बेचाळीस किलो.
उजवं अंग गेलं, सोबत बोलणं गेलं.
भूपालची दिवसपाळी, माझी रात्रपाळी,
हे शब्दही त्यांचेच, आम्ही फक्त वापरतोय.
एक हात खांद्याखाली, एक कंबरेखाली,
गुडघ्यांमध्ये उशी.
माकडहाडापाशी रुपयाएवढा लाल डाग.
अंगठ्यानं दाबून बघायचं, पांढरा होतोय का.
माझ्या बापाची पाठ
मी याआधी कधी पाहिली नव्हती.

तिसऱ्या रात्री दीड वाजता
माझा डोळा लागला होता. दचकून उठले,
वीस मिनिटं उशीर,
चादर धरली आणि हिसकाच दिला.
त्यांच्या डाव्या हातानं माझं मनगट पकडलं.
मला वाटलं, दुखलं.
मग दोन बोटं आणि अंगठा
मनगटावर किंचित फिरले,
थांबले,
परत किंचित.
कुठंतरी बघितलेली हालचाल.
मला ओळखायला वेळ लागला:
लेथच्या चाकाला ते असाच हात लावायचे,
शेवटच्या थाऊला.

सावकाश केलं. सगळं पुन्हा, सुरुवातीपासून.
तिकडं समडोळीच्या रानात
श्रेणिक बॅटरी धरून उभा असेल, पेंगत,
बाप फावड्यानं एका सरीचं तोंड बुजवत असेल,
दुसरीचं उघडत असेल.
सोमवारी पहिल्या तासाला तो झोपला
तर उठवायचं नाही.

सहाला भूपाल आला थर्मास घेऊन.
दूध नासलं म्हणून कोराच आणलाय, म्हणाला.
चप्पल काढली, कागद बघितला,
एक चौकोन मी भरायची विसरले होते.
आता कुठली कूस?
मी केसांना क्लिप लावत होते.
म्हटलं, विचार की त्यांना.